पडदा म्हणायचं नाही

किती वाजता सुरू झालं, असं त्या डॉक्टर पोरीने विचारलं आणि माझ्या तोंडून निघालं, साडेनऊ. बस, एवढंच. ठरवून बोललो असतो तर गोष्ट वेगळी. आयुष्यभर थापा मारत आलोय, पण आपल्या प्रत्येक थापेमागे मेहनत असते, दोन दिवस तयारी असते, चार साक्षीदार पटवलेले असतात. ही मात्र आपली आपण निघाली, उचकी लागते तशी. तिने लगेच निळ्या पेनाने लिहून घेतलं, नऊ तीस, आणि भोवती गोल काढला. कोटावर नाव होतं डॉक्टर रुचा, वय असेल अठ्ठावीस, डोळ्यांखाली काळं. ती हितेंद्रकडे वळली. हितेंद्र म्हणजे आत पडलेल्या आबांचा मुलगा, ऑफिसातून तसाच धावत आलेला, गळ्यात कार्ड. "हे बघा," ती म्हणाली, "मेंदूत गुठळी अडकलीय. विरघळवायचं इंजेक्शन आहे, पण सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचं. त्यानंतर दिलं तर उलटं डोक्यात रक्त सुटू शकतं. साडेनऊ म्हणजे आपल्याकडे दोनपर्यंत वेळ आहे. रक्ताचा रिपोर्ट येऊ दे, एक वाजता सुरू करू." हितेंद्रने मान हलवली, सही केली, आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "नशीब दादा होते घरी." समोरच्या घड्याळात बारा वाजून बारा मिनिटं झाली होती. खांद्यावरचा हात गरम होता. मला तो झटकावासा वाटला आणि तो तिथेच राहावा असंही वाटलं.

साडेनऊला मी ओरडलो. साडेनऊला सुरू झालं नव्हतं. सव्वाआठला आबा माझ्याशी बोलले होते, दाढी झाल्यावर, गालाचा फेस मी पुसत असताना. "हेरंब्या, एक कल्ला वर झालाय, एक खाली." मी म्हटलं, "तुमचं डोकंच तिरकं आहे आबा, कल्ल्याला काय बोल लावता." हे शेवटचं बोलणं. मग मी आंघोळीचं पाणी तापवायला आत गेलो. बाहेर आलो तेव्हा खिडकीजवळच्या खुर्चीत त्यांनी तो चेहरा लावला होता. सव्वाआठ अधिक साडेचार तास म्हणजे पाऊण. तिच्या लेखी पावणेदोन तास शिल्लक होते. माझ्या लेखी तेहतीस मिनिटं. आणि ती इंजेक्शन देणार होती एक वाजता, सावकाश, रिपोर्ट बघून.

चेहरा लावला होता म्हणजे काय, ते आमच्या घराबाहेरच्या कुणाला कळायचं नाही. आमच्या म्हणजे आबांच्या. मी म्हातारी माणसं सांभाळायला पाठवणाऱ्या ब्यूरोचा माणूस, सकाळी आठ ते रात्री आठ, दोन वर्षं झाली. काळाचौकीला तिसऱ्या माळ्यावरची दोन खोल्यांची जागा, हितेंद्र आणि त्याची बायको सातला कामावर जातात, तासभर शेजारच्या मालनकाकू कान ठेवून असतात, मग मी. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आंघोळ, पाठीला पावडर, टाचांना खोबरेल, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, गोळ्या, वॉकर धरून गॅलरीत तीन फेऱ्या, संडासला नेणं, आणणं. दोन्ही गुडघे गेलेले, बाकी माणूस ठणठणीत, जीभ तर विचारू नका. पहिल्या दिवशी मी लंगोटाला हात घातला तेव्हा म्हणाले होते, "कुणाचा रे तू?" मी म्हटलं, पलीकडच्या चाळीतल्या वाइंडिंगवाल्या सावंतांचा. "म्हणजे टाचणीवाला," आबा म्हणाले. चाळीस वर्षांनी. लंगोट सोडायचा थांबून मी तसाच उभा राहिलो.

टाचणीवाला मीच. गिरणी संपाच्या आदल्या वर्षी गणपतीत आमच्या मंडळात जिवंत देखावा होता, शरपंजरी भीष्म. मिलमधून सुटून माणसं तोंडाला रंग लावायची आणि दोन-दोन तास पुतळ्यासारखी थांबायची. कुशाबा, म्हणजे हे आबा, भीष्म. लाकडी घोडीवर आडवे, अंगातून बाण आरपार गेल्यासारखे, डोळे उघडे. लोक म्हणायचे पापणी लवत नाही. मी आठ-नऊ वर्षांचा, मला ते सहनच होईना. माणूस आहे तर हलला पाहिजे. मी आईच्या पदराची टाचणी काढली, रांगेतून खाली वाकून दोरीखालून आत गेलो आणि त्यांच्या तळपायात टोचली. टोचली म्हणजे चांगली अर्धी. काही नाही. पाय हलला नाही, बोट हललं नाही, डोळे छताकडे. फक्त रक्ताचा एक थेंब हळूहळू फुगत गेला आणि टाचेवरून खाली उतरला. मला वाटलं मी भीष्माला मारलं. माझी चड्डी ओली झाली. मग कुणीतरी आतून "पडदा" म्हणालं, पडदा पडला, आणि तो मेलेला माणूस घोडीवरून उठला, माझा कान धरला, पिरगळला, आणि कान सोडायच्या आधी दुसऱ्या हाताने तोंडात मोदक कोंबला. आज कुठल्याही लहान पोराला सांगितलं तर तो हसेल. पण माझ्या आत तेव्हापासून एक गोष्ट पक्की बसली. हा माणूस ठरवलं तर हलत नाही. टाचणी टोचली तरी हलत नाही.

तर खेळ असा. दाढीनंतर आबा चेहरा लावणार. कधी मिलचा जॉबर, कधी सासूशी भांडून आलेली मालनकाकू, कधी मीच, पैसे उसने मागताना. लावला की लावला, मग तो देखावा. मी हसवायचं. ते हसले तर मी जिंकलो, आणि मला हसवता आलं नाही तर मी "पडदा" म्हणायचं, मग ते उतरणार. पडदा म्हटल्याशिवाय उतरायचं नाही, हा त्यांचा नियम. दोन वर्षांत ते एकदाही हसले नाहीत. मी त्यांची कवळी बर्फाच्या ट्रेमध्ये ठेवून बघितली, मी हितेंद्रच्या बायकोचा गाऊन घालून पोळ्या लाटल्या. एप्रिलमध्ये ब्यूरोची सुपरवायझर बाई यायची होती, तेव्हा आम्ही दोघांनी मिळून तिच्यासाठी देखावा केला. आबांच्या नाकात कापूस, अंगावर पांढरी चादर, उशाशी मी डोकं धरून. ती बाई दारातच खाली बसली. मी "पडदा" म्हटल्यावर आबा उठून बसले आणि म्हणाले, "चहा घेणार का?" त्यावरून हितेंद्रने मला एक तास झापला. "दादा, एक दिवस खरंच काही होईल आणि कुणी विश्वास ठेवणार नाही." हे असलं शाळेच्या पुस्तकातलं वाक्य ऐकून मी आणि आबा त्याची पाठ वळल्यावर फिस्स केलं.

बारा एकोणीस. एक वॉर्डबॉय रिकामी चाकाची खुर्ची ढकलत गेला, एक चाक कुरकुरत होतं. हितेंद्र फोनवर बायकोला सांगत होता, हो, वेळेत आणलं, डॉक्टर म्हणाल्या वेळ आहे. वेळ आहे, वेळ आहे. माझ्या पँटच्या खिशात माझा फोन होता आणि तो मांडीला लागत होता.

काल आबा म्हणाले होते, "तुझ्यात दम नाय हेरंब्या. दोन मिनिटं झाली की पडदा. तुझा बाप बरा होता, तीन पाळ्या सलग मारायचा." म्हणून आज मी घरून ठरवून निघालो होतो. आज पडदा म्हणायचं नाही. काय वाटेल ते होऊ दे, म्हाताऱ्याला स्वतःहून उतरायला लावायचं. आणि बाहेर येऊन बघतो तर आज चेहरा सॉलिड होता. डाव्या बाजूचा ओठ खाली, डावा डोळा अर्धा मिटलेला, मान जराशी कलती. मला वाटलं, वा. नवीन आहे. कोण असेल? मी नावं घेत गेलो. खालचा वाणी? पानवाला? नगरसेवक? उजवा डोळा माझ्याकडे बघत होता. मी आता परत परत तो डोळा बघतोय. तेव्हा मला त्यात मस्ती दिसली. देवाशपथ मस्तीच दिसली. मी त्यांच्यासमोर नाचलो. त्यांच्या बाजूला बसून तसाच ओठ वाकडा केला, जीभ बाहेर काढली आणि दोघांचा फोटो काढला, संध्याकाळी हितेंद्रला दाखवायला. काखेत गुदगुल्या केल्या. घशातून काहीतरी बारीक आवाज आला, आणि मी म्हटलं, "आवाज केलात, अर्धा मार्क कट."

मग डोकं चालवलं. प्रेक्षक नसला तर पुतळा किती वेळ उभा राहील? गॅस बंद केला, त्यांच्या हातात चहाचा कप दिला, उजव्या हातात, आणि म्हटलं, "बसा आबा. मी चाललो भाजीला. पडदा काय आज मिळणार नाय." दाराला कडी घालून खाली उतरलो. मेथी घेतली. पानवाल्याकडे उभं राहून सांगितलं, आज म्हातारा हरणार. तो म्हणाला, लावतोस? मी म्हटलं, लाव. मुद्दाम वेळ काढला. पायऱ्यांवर बसून बिडी ओढली, सावकाश, आणि वर एक माणूस खुर्चीत बसून मला हाक मारायचा प्रयत्न करत असेल तर तो आवाज तीन माळे खाली येत नाही, हे मला आत्ता कळतंय.

वर गेलो तेव्हा कप फरशीवर होता, फुटला नव्हता, आणि चहा त्यांच्या बनियनवर ओघळून वाळला होता. चहा वाळायला किती वेळ लागतो? लुंगी ओली होती. चेहरा तोच. मी मेथीची पिशवी खाली ठेवली. मी म्हटलं, पडदा. ते उतरले नाहीत. मी म्हटलं, आबा, पडदा, झालं, तुम्ही जिंकलात. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या पडद्यावर ते उतरले नाहीत. मग मी ओरडलो. साडेनऊ.

हितेंद्रला फोन केला, "हितू, आबांचं तोंड वाकडं झालंय." तो म्हणाला, "दादा, मीटिंगमध्ये आहे, संध्याकाळी हसू," आणि कट. परत केला तर उचलेना. शेवटी मालनकाकूंनी त्यांच्या फोनवरून लावला. त्या रडल्या तेव्हा त्याला पटलं. मग खालचा डॉक्टर वर आला, मग चार पोरांनी खुर्चीसकट तीन माळे उतरवलं, मग पहिल्या हॉस्पिटलात स्कॅनचं मशीन बंद, मग परळ, मग स्कॅनची रांग. अँब्युलन्समध्ये मी तो फोटो उघडला होता. वर वेळ येते, आठ चोवीस. खाली कचऱ्याच्या डब्याचं चित्र. दाबलं. फोन विचारतो, नक्की काढून टाकायचा? मालनकाकू आबांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या, त्यांनी विचारलं, "काय बघतोस मेल्या, त्यांचा हात धर." मी फोन खिशात टाकला आणि हात धरला. डावा होता. ओल्या फडक्यासारखा.

बारा चोवीस. बरोबर चार तास झाले त्या फोटोला. मला असले हिशोब नको असताना डोकं आपोआप करत होतं. एक बाजू म्हणत होती, गप बस. पोरगी हुशार आहे, एक वाजता देईल, पंधरा मिनिटांनी काय होतं? एसटी पण पंधरा मिनिटं लेट येते. सांगितलंस तर ती म्हणेल वेळ गेली, देत नाही, मग तू काय कमावलंस? त्यांचं औषधही घालवलंस आणि स्वतःचं तोंडही. आणि दुसरी बाजू काही बोलत नव्हती. तिच्याकडे फक्त तो रक्ताचा थेंब होता, फुगत चाललेला, टाचेऐवजी कवटीच्या आत. तरी मी उठत नव्हतो. गंमत बघा, तिथे बाकावर मी पुतळा झालो होतो. हितेंद्रने विचारलं, "दादा, पाणी?" मी मान हलवू शकलो नाही. तेव्हा मला कळलं की ठरवून न हलणं आणि हलता न येणं हे आतून कसं वेगळं असतं. बाहेरून काही फरक नाही. बाहेरून कुणी गुदगुल्या केल्या असत्या तर मी हसरा दिसलो असतो.

बारा अठ्ठावीसला डॉक्टर रुचा पडद्याबाहेर आली, हातात चहाचा कागदी ग्लास. तो ग्लास बघितला आणि माझे पाय उठले.

"मॅडम, साडेनऊ नाही. सव्वाआठ."

"काय सव्वाआठ?"

"सव्वाआठला बोलले. त्यानंतर तसेच आहेत. मला वाटलं मस्करी करतायत."

हितेंद्र फोन कानाला लावूनच जवळ आला. "दादा," तो हळू म्हणाला, "प्लीज. आता नको."

"मस्करी नाय करत हितू."

"मॅडम, यांचं मनावर घेऊ नका. ते जरा... घाबरलेत. यांना सवय आहे असलं बोलायची."

डॉक्टर एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे. "काका, हे खेळायचं ठिकाण नाही. नक्की कधी? तासाभराचा फरक आहे. मी कुणाचं धरू?"

मग मी फोन काढला. दोन वर्षं म्हाताऱ्याच्या लंगोटाला हात लावलाय, लाज नावाची गोष्ट माझ्याकडे उरली असेल असं मला वाटत नव्हतं. होती. फोटो उघडला आणि तिच्यापुढे धरला. डावीकडे आबा. उजवीकडे मी, ओठ त्यांच्यासारखा वाकडा, जीभ बाहेर, डोळे आनंदाने बारीक. वर आठ चोवीस. तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला, मी फ्रेमच्या बाहेर गेलो, नुसता आबांचा ओठ उरला. तिने चहा बाकावर ठेवला.

"सव्वाआठला नक्की बोलले? काय बोलले?"

"म्हणाले, एक कल्ला वर झालाय, एक खाली."

"स्पष्ट?"

"शिवी दिल्यासारखं स्पष्ट."

तिने घड्याळ बघितलं. "सतरा मिनिटं," ती कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाली, आणि मग आत वळून, "सिस्टर, रिपोर्टला थांबायचं नाही. शुगर बघितलीय. औषध काढा, आत्ता." निळा गोल तिने खोडला. कागद फाटला तिथे.

माझा फोन आता हितेंद्रने घेतला होता. तो बघत होता. तो मला मारेल असं वाटलं, मी गाल तयार ठेवला. त्याने फोन उलटा करून माझ्या हातात दिला, जसा माणूस दुसऱ्याचा उघडा दरवाजा ओढून घेतो. "किती वेळ?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "भाजी आणून येईपर्यंत." तो म्हणाला, "उद्यापासून येऊ नका." मी म्हटलं, "हो." त्याचा आवाज शांत होता, मला तो ओळखीचा वाटला. आबा टाचणीबद्दल असंच बोलायचे.

आतून काहीतरी पडल्याचा आवाज झाला. सिस्टर म्हणाली, "बाबा, हात सोडा, सोडा ना." आम्ही दोघं आत गेलो. आबांचा उजवा हात, चांगला हात, सगळीकडे चालला होता, नळ्या ओढत होता, सुई लावायला गेलं की झटका. वॉर्डबॉयने मनगट दाबलं तर त्यांनी त्याला लाथ मारली, गुडघे गेलेल्या माणसाने. डोळा भिंतीवर, छतावर, कुठेच थांबत नव्हता. "असं हललं तर शीर फाटेल," डॉक्टर म्हणाली, "आणि झोपेचं औषध मला द्यायचं नाही. नातेवाईक कोण? बोला त्यांच्याशी." हितेंद्र वाकला, "आबा, मी हितू, आबा, शांत व्हा," त्याचा आवाज फाटला, आणि आबांनी त्याच्या गळ्यातलं कार्ड पकडून ओढलं. बारा सदतीस. हितेंद्रने तसंच वाकलेल्या अवस्थेत वळून माझ्याकडे बघितलं. मग बाजूला झाला.

मी पुढे गेलो. त्यांच्या डोळ्यात मी आलो की नाही कळेना. त्यांच्या तळपायावर हात ठेवला, त्याच, टाचणीच्या, आणि म्हटलं, "आबा. देखावा."

आधी पाय थांबला. मग कार्डाची मूठ सुटली. हात पलंगावर आला, तळवा वर, कोपर सरळ. डोळा फिरत फिरत छताच्या एका जागी गेला आणि तिथे बसला. सगळे थांबले, वॉर्डबॉयसुद्धा. सिस्टरने सुई लावली, आत गेली, आबांची पापणी लवली नाही. दुसऱ्या नळीची दुसरी सुई. काही नाही. डॉक्टरने हळूहळू पहिलं औषध आत सोडलं, घड्याळ बघून वेळ लिहिली, बारा एक्केचाळीस, आणि बाकीचं मशीनला लावलं. "हे तासभर जाईल," ती म्हणाली, "तासभर हात असाच राहिला पाहिजे. राहील?"

"राहील," हितेंद्र म्हणाला. माझ्याआधी. मग माझ्याकडे न बघता, "संपलं की जा तुम्ही."

मी पायाशी उभा आहे. मशीन दर थोड्या वेळाने टिक करतं. बाहेर बाकावर तिचा चहा गार झाला असेल. आबांचा डावा ओठ खालीच आहे, उजवा घट्ट मिटलेला, आणि मधल्या रेषेवर कुठेतरी त्यांनी सगळं अंग धरून ठेवलंय. त्यांना सगळं कळतंय की नुसता तो एक शब्द कळला, मला माहीत नाही. डोळा छतावर आहे, पण मी जरा हललो की तो बारीक माझ्याकडे येतो आणि परत जातो. तपासतो, मी आहे ना. भाजीला गेलो नाही ना. त्यांचा नियम त्यांना माहीत आहे, कुणी म्हटल्याशिवाय उतरायचं नाही, आणि म्हणणारा मी आहे. वीस मिनिटं झाली. माझ्या पोटऱ्या दुखायला लागल्यात, नाकाच्या शेंड्याला खाज आहे, पण मी हात उचलत नाही. जीभ टाळूला चिकटवून तो शब्द तोंडात धरून ठेवलाय. अजून चाळीस मिनिटं.